स्टिम्युलसचे पैसे आणि गाठीचे पैसे

एप्रिल २०२०च्या मध्यावर आमच्या बँकेच्या स्टेटमेंटवर अमेरिकेच्या आयकर खात्याची, आयआरएसची, ‘आयआरएस ट्रेझ ३१०’ अशी एक ओळ उमटली आणि तिच्यापुढे २४०० डॉलर. अर्ज केला नव्हता, कुठे सही केली नव्हती. २७ मार्चला करोनाकाळातल्या मदतीचा केअर्स कायदा झाला तेव्हा बातम्यांत ऐकलं होतं तेवढंच: मोठ्या माणसामागे १२०० डॉलर, सतरा वर्षांखालच्या मुलामागे ५००, आणि जोडप्याचं वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की वरच्या दर शंभर डॉलरमागे पाच डॉलर कापायचे. आमच्या चौघांचे ३४०० झाले असते, त्यातले हजार कापले गेले. घर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, दोघांच्याही नोकऱ्या घरून चालू. त्या महिन्यात पाळणाघराचं बिल नव्हतं, न्यूयॉर्कच्या ट्रेनचा पास नव्हता, शनिवारचं बाहेरचं जेवण नव्हतं. म्हणजे सरकारने मदत पाठवली तेव्हा आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्तच शिल्लक होती. ते पैसे काही आठवडे नुसते पडून राहिले, मग नवऱ्याने इंडेक्स फंडात टाकले.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे लिहायचं आहे ते दुसऱ्यांच्या खर्चाबद्दल आहे. दुसऱ्याच्या पाकिटात डोकवायचं तर आपलं पाकीट आधी उघडून दाखवावं.

पुढच्या उन्हाळ्यात, लशी घेऊन झाल्यावर, मंडळातल्या ओळखीच्या एका घरी मागच्या अंगणात बरेच जण जमलो होतो. तिसरा हप्ता काही महिन्यांपूर्वीच येऊन गेला होता, माणशी १४००, त्यामुळे विषय निघालाच. एक गृहस्थ, वयाने आमच्याहून मोठे, एरवी सज्जन, मला म्हणाले, “वहिनी, ह्या लोकांच्या हातात पैसा टिकतच नाही. चेक आला की पहिले बूट, मग फोन. संपले की परत सरकारच्या दारात.” ‘हे लोक’ म्हणजे कोण हे कोणाला विचारावं लागलं नाही. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेलं न्यूअर्क आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. कोणी मान डोलावली, कोणी मिसळीवर आणखी फरसाण घेतलं. (हाच सूर पुढे मी पुण्याच्या फोनवरही ऐकला, लाडक्या बहिणींच्या १५०० रुपयांबद्दल. बुटांच्या जागी साड्या, एवढाच फरक.)

गंमत अशी की पैसे टिकू नयेत हाच तर सरकारचा हेतू होता. स्टिम्युलस म्हणजे अर्थव्यवस्थेला धक्का देऊन चालू करणं. पैसे दुकानात, घरमालकाकडे, मेकॅनिककडे पोहोचले तरच तो धक्का लागतो. हातात आलेल्या जादा रुपयातले किती पैसे माणूस खर्च करतो, याला आपली अर्थशास्त्राची पुस्तकं सीमान्त उपभोग प्रवृत्ती म्हणतात. बारावीला एक व्याख्या पाठ केली होती, तीच ही. फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक; तिच्या न्यूयॉर्क शाखेने पहिल्या हप्त्याबद्दल लोकांना विचारलं तेव्हा जून २०२० अखेरपर्यंत सरासरी २९ टक्के खर्च झाले होते, ३६ टक्के शिल्लक पडले होते आणि ३५ टक्के कर्ज फेडण्यात गेले होते. म्हणजे सरकारच्या दृष्टीने आमचं घर नापास. अंगणात मात्र काटकसरी म्हणून पाठ थोपटली गेली ती आमच्यासारख्यांचीच, आणि ज्यांनी सरकारला हवं तेच केलं ते उधळे ठरले.

वंशानुसार फरक होता का? होता. सेन्सस ब्यूरोच्या, म्हणजे जनगणना खात्याच्या, २०२०च्या उन्हाळ्यातल्या घरोघरच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांनी ‘शिल्लक टाकले’ असं जास्त प्रमाणात सांगितलं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, कुटुंबांनी ‘खर्चाला गेले’ किंवा ‘देणी फेडली’ असं. पण खर्च म्हणजे कशावर? खर्च करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी किराणा आणि खाणंपिणं सांगितलं. त्याच्या पाठोपाठ भाडं, घराचे हप्ते, वीज-पाण्याची बिलं. कपड्यालत्त्यांचा नंबर बराच खाली. २००८च्या मंदीत सरकारने असेच चेक वाटले होते, तेव्हा त्यातला मोठा भाग गाड्यांकडे वळला होता. २०२०मध्ये तसं झालं नाही. त्या वर्षीचा चेक लोकांनी खाल्ला, अगदी शब्दशः.

आता बुटांचं. त्या गृहस्थांना मी तिथे काही बोलले नाही. यजमानांच्या घरी वाद नको. पण केर्विन चार्ल्स, एरिक हर्स्ट आणि निकोलाय रुसानोव्ह या तिघांचा २००९चा एक शोधनिबंध मला तेव्हापासून आठवत राहिला आहे. सारख्याच परिस्थितीतल्या गोऱ्यांशी तुलना केली तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबं कपडे, दागिने, गाड्या अशा चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंवर सुमारे ३० टक्के जास्त खर्च करतात, असं त्यांना आढळलं. एवढंच वाचून थांबलं तर अंगणातला युक्तिवाद जिंकतो. ते तिघे थांबले नाहीत. त्यांनी पुढे पाहिलं की ज्या राज्यांत गोरे लोकच गरीब आहेत तिथले गोरेसुद्धा दिसणाऱ्या वस्तूंवर असाच जास्त खर्च करतात. ज्याच्या आसपासची माणसं गरीब समजली जातात त्याला आपण तसे नाही हे अंगावर दाखवावं लागतं. रंग काढून आजूबाजूच्यांची मिळकत घातली की फरक जवळजवळ सरतो.

आणि आमच्या ओक ट्री रोडवरून कोणी संध्याकाळी चालत गेलं तर त्याला हे सिद्ध करायला शोधनिबंध लागणार नाही. एडिसन आणि आयझलिनच्या मधल्या त्या रस्त्यावर सोन्याची दुकानं ओळीने आहेत. हळदीकुंकवाला पाटल्या-बांगड्या, बारशाला साखळी, मुंजीला अंगठी. त्याला आपण उधळपट्टी म्हणत नाही; गुंतवणूक म्हणतो, आणि गुंतवणूक मनगटात घालून मिरवतो.

२०२१च्या टॅक्सच्या मोसमात मी आयआरएसच्या व्हिटा कार्यक्रमात स्वयंसेविका होते. कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं फुकट भरून द्यायची. त्या वर्षी समोर बसवून काम नव्हतं. लोक कागद लायब्ररीत ठेवून जायचे, आम्ही ते घेऊन फोनवर प्रश्न विचारायचो. विवरणपत्राच्या, म्हणजे फॉर्म १०४०च्या, तिसाव्या ओळीत, ज्यांना स्टिम्युलस मिळाला नाही किंवा कमी मिळाला त्यांची बाकी मागायची सोय होती. त्यासाठी प्रत्येकाला विचारावं लागायचं: पहिल्या वेळी किती आले, दुसऱ्या वेळी किती? मला नुसता आकडा हवा असायचा. लोक आकडा सांगायच्या ऐवजी पैसे कुठे गेले ते सांगायचे, कारण आकडा त्यांना त्या वाटेनेच आठवायचा.

घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी एक कृष्णवर्णीय बाई म्हणाली, “थांब हं, हनी. गाडीच्या इन्शुरन्सचे दोन महिने थकले होते. आईचं विजेचं बिल. मग बहिणीला चारशे, तिचं हॉटेलचं काम गेलं होतं ना. म्हणजे बाराशेच.” गाडी नसती तर तिचं कामच बंद पडलं असतं, त्यामुळे इन्शुरन्स आधी. या यादीत मला कुठेच अविचार दिसला नाही. जे पैसे तिने बहिणीला दिले ते सर्वेक्षणाच्या कोणत्या रकान्यात बसले असते कोण जाणे.

त्याच गठ्ठ्यात एका गोऱ्या आजींचे कागद होते. उत्पन्न सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शनचं, त्या शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या पगारापेक्षा कमीच. त्यांना विचारलं तर उत्तर एका वाक्यात आलं: “ते अजून तिथेच आहेत ना बँकेत.” घराचं कर्ज केव्हाच फिटलेलं. नवरा कोरियाच्या युद्धातून परतल्यावर सरकारी हमीच्या कर्जावर घेतलेलं घर, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, कारण घराच्या करासंबंधी त्यांना काही शंका होती.

या दोघींना शेजारी ठेवलं की शिकागो विद्यापीठातल्या पीटर गॅनॉंग, डेमन जोन्स, पास्कल नोएल आणि जेपी मॉर्गन चेस बँकेच्या संशोधकांनी २०२०मध्ये जे मांडलं ते आपोआप समजतं. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की टॅक्सच्या फॉर्मवर वंशाचा रकाना नाही आणि बँकेच्या खात्यावरही नाही. मग त्यांनी फ्लोरिडा, जॉर्जिया आणि लुइझियाना या राज्यांच्या मतदारयाद्या घेतल्या. तिथे नाव नोंदवताना वंशही लिहितात. त्या याद्या बँकेच्या खात्यांशी जुळवल्या. मग एकाच कंपनीतल्या लोकांचे पगार एकदम वरखाली झाले की कोणत्या घराचा खर्च किती हलतो ते पाहिलं. हा अभ्यास स्टिम्युलसचा नव्हे, रोजच्या पगारातल्या चढउतारांचा होता. पण प्रश्न तोच. उत्तर असं आलं की उत्पन्नाला सारखाच धक्का बसला तर कृष्णवर्णीय कुटुंबांचा खर्च गोऱ्यांपेक्षा ५० टक्के जास्त हलतो, हिस्पॅनिक कुटुंबांचा २० टक्के जास्त. आणि खात्यात चटकन काढता येण्यासारखी शिल्लक किती आहे हे हिशेबात धरलं की ही तफावत जवळपास नाहीशी होते. त्याच माहितीत आणखी एक आकडा होता, तो मी विसरू शकत नाही. गोऱ्या कुटुंबाच्या हातात पडणाऱ्या दर डॉलरमागे कृष्णवर्णीय कुटुंबाच्या हातात ७१ सेंट पडत होते, पण हाताशी असलेल्या शिल्लकीत डॉलरमागे फक्त ३२ सेंट.

मिळकतीत ७१ आणि गंगाजळीत ३२. या दोन आकड्यांमधल्या दरीला बूट पुरे पडत नाहीत.

ती दरी कशाने पडली हे आमच्याच भागात पाहता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना जीआय बिलाखाली सरकारी हमीची गृहकर्जं मिळाली. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत अशी ६७,००० कर्जं दिली गेली. त्यांतली गोरेतरांच्या वाट्याला आली शंभरही नाहीत. आयरा कॅट्झनेल्सन या अभ्यासकाने हा आकडा प्रकाशात आणला. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. कर्ज द्यायचं की नाही हे स्थानिक बँका ठरवत होत्या, आणि कृष्णवर्णीय वस्त्या त्याआधीच सरकारी नकाशांवर, कर्जाला धोक्याच्या म्हणून, लाल रंगाने रंगवून झाल्या होत्या. एडिसन, वुडब्रिज, पॅरामस या गावांतल्या रस्त्यांवर तेव्हा जी घरं उठली, त्यांतल्या कितीतरी घरांत आज आम्ही राहतो. ती आम्हाला विकून पहिल्या मालकांची मुलं फ्लोरिडाला गेली, हातात सहा आकडी रक्कम घेऊन.

बचतीची सवय नाही म्हणावं तर तीही गोष्ट वेगळी आहे. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५मध्ये, मुक्त झालेल्यांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. सैनिकांनी, धुणावळींनी, शेतमजुरांनी तिथे नाणी नेऊन ठेवली. वरच्या मंडळींनी भलतीकडे कर्जं वाटली आणि १८७४च्या जूनमध्ये बँक बुडाली. शेवटच्या काही महिन्यांत गुलामगिरीतून सुटून पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करून आणलं होतं. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर घातले, पण उशीर झाला होता. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. आपल्याकडे सहकारी बँक बुडाली की तिच्या दारात उभे राहिलेले पेन्शनर आठवा. नंतर त्यांच्या मुलांना बँकेबद्दल काय वाटत असेल?

बँकेशी नातं नसलं की स्टिम्युलसही उशिरा पोहोचतो. २०१९मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या कुटुंबांपैकी २.५ टक्के कुटुंबांत कोणाचंच बँकेत खातं नव्हतं. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण १३.८ टक्के, हिस्पॅनिकांत १२.२. आमच्या खात्यात पैसे थेट आले. ज्यांची खाती आयआरएसला माहीत नव्हती त्यांना कागदी चेक, आठवड्याला साधारण ५० लाख. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने मे २०२०च्या दुसऱ्या पंधरवड्यात विचारलं तेव्हा गोऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना पैसे मिळाले होते, कृष्णवर्णीयांपैकी ६९ टक्क्यांना, हिस्पॅनिकांपैकी ६४. सुमारे ४० लाख लोकांना डेबिट कार्ड पाठवलं गेलं, तेही साध्या पांढऱ्या पाकिटात, ‘मनी नेटवर्क कार्डहोल्डर सर्व्हिसेस’ अशा अनोळखी नावाने. सरकारचा शिक्का नाही. फसवणुकीची जाहिरात समजून कित्येकांनी ते केराच्या टोपलीत टाकलं. पहिल्या हप्त्याला सावकारांपासून संरक्षणही नव्हतं. पैसे खात्यात आले की जुन्या कोर्टाच्या हुकुमावर ते उचलता येत होते. मुलांच्या पोटगीची थकबाकी तर सरकार आधीच कापून घेत होतं. आणि असे हुकूम कोणाच्या नावावर जास्त? प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०१५मध्ये सेंट लुइस, शिकागो आणि आमचं न्यूअर्क या तीन भागांतले निकाल तपासले होते. उत्पन्न सारखं धरूनही कृष्णवर्णीय वस्त्यांत वसुलीच्या निकालांचं प्रमाण गोऱ्या वस्त्यांच्या दुप्पट निघालं.

आपल्या लोकांनाही या कायद्याची एक झळ बसली, ती मात्र अंगणात कोणी काढली नाही. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, नुसता आयटिन, म्हणजे फक्त करापुरता नंबर. अशा जोडप्याने एकत्र विवरणपत्र भरलं असेल तर पहिल्या हप्त्यात त्या घराला शून्य. एडिसनमध्ये जन्मलेल्या, अमेरिकन नागरिक असलेल्या बाळालाही शून्य. डिसेंबर २०२०च्या कायद्याने ही चूक मागच्या तारखेपासून दुरुस्त केली आणि मी अशा कित्येक देशी घरांसाठी ती तिसावी ओळ भरली. बहुतेकांनी खांदे उडवले: आले तर आले. हाच नियम ज्या मेक्सिकन, ग्वाटेमालन घरांना लागला त्यांत एक जण हॉटेलात भांडी घासत होता आणि ते हॉटेलच बंद होतं. एप्रिल २०२०मध्ये हिस्पॅनिक बेकारी १८.९ टक्क्यांवर गेली होती. कायदा एक, रक्कम एक. आमच्याकडे त्यावर विनोद झाले, त्यांच्याकडे भाडं थकलं.

आम्ही खांदे का उडवू शकलो? २०२२च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या आशियाई कुटुंबाची मध्यक संपत्ती ५,३६,००० डॉलर निघाली, गोऱ्या कुटुंबाची २,८५,०००, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. ही आकडेवारी मंडळात अभिमानाने फिरली. त्यात आमचे कष्ट आहेत, ते मी नाकारणार नाही. पण आम्हाला चाळणीतून गाळून इथे आणलं गेलं. डिग्री होती म्हणून व्हिसा मिळाला, आणि डिग्री मिळाली ती महाराष्ट्र सरकारच्या कॉलेजात, जिथे वर्षाची फी इथल्या एका पाठ्यपुस्तकाएवढी होती. माझ्या वडिलांना पेन्शन आहे. त्यामुळे माझ्या बाराशेतले कोणाच्या विजेच्या बिलाला गेले नाहीत. त्या बाईची बहीण आणि माझी बहीण यांच्यातला फरक मी कमावलेला नाही.

तिसरा हप्ता आम्हाला मिळाला नाही. १,६०,००० डॉलरच्या वर जोडप्याला काहीच नव्हतं. त्याबद्दल आमच्या घरात कोणी हळहळलं नाही, कारण त्याहून मोठं काहीतरी आधीच मिळालं होतं. मार्च २०२०मध्ये फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळ आणला, गृहकर्जाचे रोखे विकत घ्यायला सुरुवात केली, आणि जुलैत तीस वर्षांच्या कर्जाचा दर इतिहासात पहिल्यांदा तीन टक्क्यांखाली आला. ज्यांचं घर होतं, नोकरी होती आणि क्रेडिट स्कोअर चांगला होता त्यांनी धडाधड रिफायनान्स केलं, म्हणजे जुनं कर्ज फेडून कमी दराचं नवं घेतलं. आम्हीही केलं. सह्या करायला नोटरी घराच्या पायरीवर आली होती, मास्क लावून. बॉस्टन, अटलांटा आणि फिलाडेल्फियाच्या फेडमधल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब केला: जानेवारी ते ऑक्टोबर २०२०मधल्या रिफायनान्समुळे कुटुंबांचे वर्षाला ५.३ अब्ज डॉलर वाचले, आणि त्यातले कृष्णवर्णीय घरांकडे गेले ३.७ टक्के. हाही सरकारनेच दिलेला पैसा. याला चेक नाही, त्यावर राष्ट्राध्यक्षांचं नाव नाही, तो एकदाच येऊन संपतही नाही. दर महिन्याच्या एक तारखेला येतो आणि कर्ज फिटेपर्यंत येत राहील. तो आम्ही कशावर खर्च करतो, असं आजवर कोणत्याही अंगणात मला कोणी विचारलेलं नाही.